तिफण, नत्र आणि वाशीमचा गहू



सोयाबीन घरात आले, वावर मोकळे झाले, की आपल्या वाशीम जिल्ह्यात गव्हाचे बोलणे सुरू होते. बियाणे कोणते घ्यावे, युरिया किती टाकावा, पहिले पाणी केव्हा द्यावे, हे प्रश्न दर रब्बीला ठरलेले. त्यांची उत्तरे कार्यक्रमातून आपण ऐकताच. या पत्रिकेत मात्र जरा मागे जाऊन पाहावयाचे आहे. गहू पेरण्याची पद्धत आपल्या भागात कशी बदलत गेली आणि नत्राची गोणी बांधावर आली तेव्हा त्या पद्धतीचे काय झाले, ही हकिकत माहीत असली म्हणजे "खत पेरून द्या, फेकून देऊ नका" असे तज्ज्ञ मंडळी पुन्हा पुन्हा का सांगतात ते ध्यानात येईल. आजकाल गहू फेकून रोटाव्हेटर फिरवण्याची चाल पडली आहे. तिच्याबद्दलही शेवटी बोलू.

कोरडवाहूचा जुना गहू

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. १ जुलै हा वसंतराव नाईकांचा जन्मदिवस, आपला कृषिदिनही तोच. पण वाशीम हा जिल्हा असण्याची ही पहिली वेळ नव्हे. वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, आणि त्या वऱ्हाडात 'बाशीम' नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून त्याचा मोठा भाग अकोल्याला जोडला गेला. जुन्या कागदपत्रांत बाशीमचे पठार म्हणून ज्याचा उल्लेख येतो ते हेच, अजिंठ्याच्या डोंगररांगांवरचे आपले वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर. वरच्या बरड रानात माती हातभरही नाही, आणि पैनगंगा, अडाण, अरुणावती यांच्या काठाला खोल काळी. गहू व्हायचा तो या खोल काळीत, विहिरीच्या पाण्याशिवाय, निव्वळ जमिनीत मुरलेल्या ओलीवर.

रोजच्या ताटात तेव्हा ज्वारीची भाकर. गहू सणासुदीचा, पुरणपोळीला, शेवयांना आणि भंडाऱ्याच्या रोडग्यांना. त्यासाठी बन्सी, काठा असे कठीण दाण्याचे गहू घरोघरी राखलेले असत. उत्पन्न बेताचेच, पण पाणी नाही, गोणी नाही, अशा स्थितीत ते येत होते हे विसरता कामा नये. त्यामागे एक पक्की पद्धत होती.

ज्या वावरात गहू घ्यावयाचा ते खरिपात पड ठेवीत. पड म्हणजे मोकळे सोडलेले नव्हे, बरं का. पावसाने उघाड दिली की वखराची पाळी, पुन्हा पाऊस, पुन्हा पाळी. यामुळे तण मरे, भेगा बुजून ओल आत कोंडली जाई, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. तिसरी गोष्ट त्यांना नावाने ठाऊक नव्हती, पण पिकावरून कळत होती. उबदार, ओलसर, हवेशीर मातीत सूक्ष्म जीवाणू कुजलेल्या काडीकचऱ्यातील नत्र मोकळे करतात आणि ते पिकाला घेता येईल अशा रूपात जमिनीत साठते. चार महिने पड ठेवलेल्या काळीत गव्हासाठी नत्राची ही अशी बिनपैशाची शिल्लक तयार होई. तिच्या जोडीला जमेल तेवढे शेणखत, मेंढरांचा कळप रात्री वावरात बसवणे, आणि गव्हाआधी किंवा गव्हासोबत हरभरा. नत्राचा जुना हिशेब एवढाच.

शेणखताची ओढाताण तेव्हाही होती. व्होएल्कर नावाचे रसायनतज्ज्ञ सरकारच्या सांगण्यावरून १८८९ च्या अखेरीस हिंदुस्थानात आले. त्यांनी देशभर फिरून पाहणी केली, आणि १८९३ साली त्यांचा अहवाल छापला गेला. इथला शेतकरी अडाणी आहे हा त्यांच्या साहेब मंडळींचा समज त्यांनी खोडून काढला. त्यांचे म्हणणे असे की, सरपण मिळत नाही म्हणून शेण गोवऱ्या करून चुलीत जाते. सरपणाची सोय झाली तर तेच शेण शेताला मिळेल. सव्वाशे वर्षांपूर्वीचे हे निदान. पुढे पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे आपले नाडेपकाका, यांनी थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवण्याची हौदाची पद्धत बसवली. ती याच अडचणीवरची तोड होती. मानोऱ्याहून पुसद किती लांब? शेजारचेच गाव. तरी नाडेपचा हौद आपल्याकडे अजून मोजक्याच बांधांवर दिसतो.

आता पेरणी. हस्ताचा पाऊस होऊन गेला, रान वाफशावर आले, की चित्रा-स्वातीत तिफण निघे. तिफणीचे मोठेपण आपण नीट ओळखलेले नाही. लाकडी दिंडाला तीन दाते, प्रत्येक दात्यामागे बांबूचा नळा, आणि तिन्ही नळे वर एका चाड्यात आलेले. चाड्यावर मूठ धरणारी बहुधा घरची बाई. तिच्या बोटांच्या चाळ्यावर एकरी बियाणे ठरे. मूठ सैल सुटली तर दाट, आखडली तर विरळ. ओळीत, सारख्या अंतरावर, सारख्या खोलीवर बी टाकणारे हे अवजार इथल्या सुतार-लोहारांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवले. युरोपात त्या काळी पुष्कळ ठिकाणी धान्य अजून हाताने फोकत होते. तिफणीला एखादे आंतरपीक घ्यावयाचे असेल तर मागे दोरीने सरता बांधीत आणि त्यातून वेगळे बी सोडीत. हा सरता लक्षात ठेवा, तो पुढे खतासाठी कामास आला.

कोरडवाहू गहू खोल पेरीत, चार बोटे किंवा त्याहूनही खाली. कारण उघड आहे. कार्तिकात वरची माती वाळते, ओल खाली असते, आणि बी ओलीला टेकले नाही तर उगवणार कसे? उंच वाढणाऱ्या जुन्या वाणांचा कोंबही लांब असे, त्यामुळे खोलीवरून तो सहज वर येई.

नागपूर, पोवारखेडा, मग निफाड

सरकारी संशोधन वऱ्हाडात नागपूरकडून आले. मध्य प्रांतात गव्हाचे काम होशंगाबादजवळच्या पोवारखेडा केंद्रावर १९०३ पासून चाले आणि नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ चे. नर्मदेकाठच्या गव्हावर केलेले प्रयोग वाशीमच्या पठाराला जसेच्या तसे लागू पडत नसत, आणि पडणार तरी कसे? १९४६-४७ च्या हंगामात मध्य हिंदुस्थानात काळ्या तांबेऱ्याने गव्हाची दाणादाण उडवली. तेव्हापासून रोग न पडणारे वाण हा संशोधकांचा मुख्य ध्यास झाला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि सल्ल्याचे तोंड नर्मदेकडून गोदावरीकडे वळले. नाशिक जिल्ह्यात निफाडजवळ कुंदेवाडी येथे १९३२ पासून गव्हाचे केंद्र होते. तेथील निफाड वाणांचा केनियाच्या गव्हाशी संकर करून केनफाड हे तांबेऱ्याला टक्कर देणारे वाण निघाले. कोरडवाहूसाठी एन ५९ हा बन्सी गहू आणि पुढे एनआय ५४३९ हेही निफाडचेच. आपल्या घरचे म्हणावे असे विद्यापीठ मात्र अकोल्याला २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले आणि त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव दिले गेले. त्या विद्यापीठाने कोरडवाहूसाठी शरद हा बन्सी गहू आणि उशिराच्या ओलितासाठी एकेएडब्ल्यू ४६२७ असे वाण दिले.

गोणी आली आणि गहू लोळला

हवेत नत्र भरपूर, पण ते झाडाला घेता येत नाही. जर्मनीत हाबर यांनी १९०९ साली हवेतील नत्रापासून अमोनिया करून दाखवला, बॉश यांनी १९१३ साली त्याचा कारखाना उभा केला. जगातील सारा युरिया आजही मुळात त्याच क्रियेने होतो. आपल्या देशात सिंद्रीचा कारखाना १९५१ साली सुरू झाला आणि अमोनियम सल्फेटच्या गोण्या निघू लागल्या. महाराष्ट्रात तुर्भ्याचा कारखाना १९६५ साली आला. 'सुफला' आणि 'उज्ज्वला' ही नावे शेतकऱ्यांच्या तोंडी बसली ती तेथील खतांमुळे.

हे खत जुन्या उंच गव्हाला दिले तेव्हा मोठी पंचाईत झाली. नत्र मिळताच गहू कमरेच्या वर वाढे, पाने हिरवीगार, काडी लांब आणि नाजूक. ओंबी भरू लागली, एखादा वारा सुटला किंवा पाणी दिले, की सगळे पीक आडवे. लोळलेल्या गव्हाचा दाणा चिरमटतो, सोंगणीलाही त्रास. हेक्टरी ४० किलो नत्राच्या पुढे जाण्याची सोय नव्हती. खत वाढवले तर नुकसान, नाही वाढवले तर उत्पन्न जेथल्या तेथे. जुन्या जाणत्या लोकांनी "खताने गहू माजतो" असे म्हटले त्यात त्यांचे काही चुकले नव्हते. त्यांच्या गव्हाबद्दल ते अगदी खरे होते.

तोड निघाली ती जपानच्या एका बुटक्या गव्हातून. नोरिन १० हे वाण तेथे १९३५ साली प्रसारित झाले. १९४६ साली त्याचे बी अमेरिकेत गेले, तेथून मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे. त्यांनी त्याचा संकर करून आखूड, जाड काडीचे गहू तयार केले. डॉ. स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने बोरलॉग मार्च १९६३ मध्ये भारतात आले, पुढे बी आले, चाचण्या झाल्या. १९६५-६६ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा गहू खाण्याची पाळी देशावर आलेली होती. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले. १९६४-६५ साली देशात सव्वाकोटी टनांच्या आसपास गहू झाला होता, तो १९६७-६८ साली एक कोटी ६५ लाख टनांवर गेला.

महाराष्ट्रात त्या वेळी वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. गहुली त्यांचे गाव, म्हणजे आपल्या पोहरादेवीपासून जवळच. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असे त्यांनी १९६५ साली शनिवारवाड्यापुढे सांगितले होते. त्यांचा मुख्य भर संकरित ज्वारीवर होता आणि आपल्या कोरडवाहू मुलखासाठी तो योग्यच होता. पण विहिरीवर इंजिन किंवा मोटर बसली त्या मळ्यांत मेक्सिकन गहूही पोहोचला. पहिला लेर्मा रोहो लाल दाण्याचा. तो कोणाला आवडला नाही. रेशनच्या लाल गव्हाची आठवण ताजी होती ना! नंतर १९६७ साली कल्याणसोना आणि सोनालिका हे पिवळसर दाण्याचे वाण आले तेव्हा कुठे बायकांनी पिठाला नाव ठेवणे सोडले. पुढे गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेतून लोक-१ आला. टपोऱ्या दाण्यामुळे त्याने वऱ्हाडात असे ठाण मांडले की तांबेरा पडतो हे माहीत असूनही लोक अजून तोच मागतात.

बुटक्या गव्हाची उथळ पेरणी

इथे आपल्या विषयाचा मर्म आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गव्हाचा कोंब मातीतून वर येतो तेव्हा त्याच्याभोवती एक नाजूक, टोकदार नळी असते. ती माती भेदते आणि तिच्या आत पहिले पान सुरक्षित असते. नोरिनच्या ज्या गुणामुळे काडी आखूड झाली त्याच गुणामुळे ही नळीही आखूड झाली. बी फार खोल पडले तर नळीची वाढ मातीतच थांबते, पान आतच उलगडते आणि चुरगळून मरते. मेक्सिकन गहू जेथे जुन्या सवयीने चार बोटे खोल पेरला गेला तेथे उगवण विरळ झाली आणि दोष मात्र बियाण्यावर आला. बी ५ ते ६ सेंटिमीटरपेक्षा खोल नको, हा नियम तेव्हापासूनचा. पण उथळ पेरावे तर वरच्या थरात ओल हवी. म्हणून आधी रान ओलवावे, वाफसा येऊ द्यावा आणि मग पेरावे. ओलिताशिवाय हा गहू नाही, हे इथेच ठरले.

दुसरी गोष्ट मुळांची. बी रुजताना जी मुळे निघतात ती खाली ओलीकडे जातात. पण फुटवे पोसणारी मुळे वेगळी. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी जमिनीच्या अगदी वरच्या थरात, बोटभर खाली, झाडाच्या बुडाशी ती फुटतात. तीच मुकुटमुळे. बी किती खोल पडले आहे याच्याशी त्यांचा संबंध नाही. ती वरच फुटणार. तो वरचा थर त्या दिवसांत कोरडा असला तर मुकुटमुळे धरत नाहीत आणि फुटवे कमी राहतात. कोरडवाहू गहू विरळ का दिसतो, त्याचे मोठे कारण हे. २१ व्या दिवसाचे पाणी इतके मोलाचे का, हेही त्यातच आले.

आता नत्र याला जोडून पाहा. पेरणीच्या वेळी दिलेले नत्र रोप उभे करते, आणि २१ दिवसांनी नवी मुळे फुटतात नेमके तेव्हा दुसरा हप्ता मिळाला तर फुटवे जोमाने येतात. सगळे नत्र पहिल्या दिवशी दिले तर रोप लहान असताना पुष्कळसे वाया जाते. फार उशिरा दिले तर पाला वाढतो, मावा येतो आणि पीक पक्व व्हायला वेळ लागतो. ओलिताच्या वेळेवर पेरलेल्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे. त्यातले अर्धे पेरताना आणि अर्धे पहिल्या पाण्याच्या वेळी द्यावयाचे, त्याची घडण अशी झाली आहे. एकरी हिशेब केला तर साधारण ४८ किलो नत्र, म्हणजे २४ आणि २४.

हे सगळे गावोगाव पोहोचवण्यात रेडिओचा वाटा मोठा. पुण्याच्या बाजूला १९५६ साली सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांचे रेडिओ श्रोता गट बसवले होते. कार्यक्रम ऐकावयाचा, चर्चा करावयाची आणि प्रश्न लिहून पाठवावयाचे. आपल्याकडे नागपूर केंद्र १९४८ पासून होते. तमिळनाडूत तंजावरकडे तर एडीटी २७ या भाताला शेतकऱ्यांनी 'रेडिओ भात' असेच नाव ठेवले होते, कारण त्याची माहिती रेडिओवरून कळली! गव्हाच्या बाबतीत '२१ वा दिवस' हा शब्द अशाच वाटेने घरोघर गेला. खोलीची गोष्ट मात्र तितकी गेली नाही असे आमचे मत आहे, आणि तिचे नुकसान आजही होते.

सरत्यातून खत

कोरडवाहू गव्हाचे काय? त्याला पाणी देता येत नाही, मग २१ व्या दिवशी युरिया फेकून उपयोग काय? कोरड्या मातीवर पडलेला युरिया मुळाशी जाणार कसा? तेथे सारे नत्र पेरतानाच द्यावे लागते आणि तेही ओलीत, बियाण्याच्या शेजारी थोडे खाली. म्हणून तिफणीमागे सरता बांधून त्यातून खत सोडण्याची युक्ती सुचवली गेली. पुढे दोन चाड्यांची तिफण आली. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत, आणि दोन्हींच्या तोंडांत दोन-तीन बोटांचे अंतर. कोरडवाहूला हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद, म्हणजे एकरी १६ आणि ८ किलो, एवढे पुरे होते. तेवढेच खत वरून फेकले तर त्याचा फार थोडा भाग पिकाला लागतो.

बी आणि युरिया एकाच चाड्यात मिसळून पेरणे हा मात्र घात. युरियाचा अमोनिया झाला की तो कोवळा कोंब जाळतो. दोन चाडी केली ती त्यासाठीच.

आपल्या काळीत आणखी एक खोड आहे. ही माती चुनखडीची, विम्लधर्मी. युरिया ओल्या पृष्ठभागावर पडला की त्याचा अमोनिया होतो, आणि अशा मातीवर तो वायू होऊन हवेत उडून जातो. दुपारचे ऊन असले तर अधिकच. तोच युरिया मातीआड झाला किंवा लगेच पाण्याबरोबर दोन-चार बोटे खाली गेला तर माती त्याला धरून ठेवते. तेव्हा भारी काळीत युरिया टाकून त्याच दिवशी पाणी द्यावे. पाणी देऊन झाल्यावर चिखलावर युरिया मारण्याची रीत काळीत तोट्याची. बरड, हलक्या रानात पाण्याबरोबर नत्र खोल निघून जाते, म्हणून तेथे पाण्यानंतर वाफसा आल्यावर द्यावे आणि कोळप्याने मातीत मिसळावे. तुषार संच असेल त्याचे काम सोपे. युरिया टाकून तासभर तुषार चालवले की खत आत जाते.

स्वस्त युरियाचा काळ

१९७३ नंतर तेलाचे भाव भडकले तेव्हा खते महागली, मिळेनाशी झाली, आणि त्या दोन-तीन वर्षांत शेतकरी चिमटीने मोजून खत टाकीत. पुढे पुरवठा वाढला, १९८५ साली अलिबागजवळ थळचा कारखाना आला. ऑगस्ट १९९२ मध्ये सरकारने स्फुरद आणि पालाशच्या खतांवरचे किंमत-नियंत्रण काढले; युरियावरचे ठेवले. २०१० साली अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आले, त्यातही युरिया बाहेरच राहिला. परिणाम काय झाला तो दुकानात दिसतो. डीएपी महाग, युरिया स्वस्त, म्हणून शेतकरी युरियावर हात सैल सोडतो. धोरणाचा दोष आहे, पण भोगतो गहू. स्फुरदाशिवाय नुसते नत्र दिले की मूळ कमी आणि पाला जास्त, तांबेरा आणि मावा दोघांनाही आमंत्रण. २०१५ पासून सगळा युरिया निंबोळीच्या लेपाचा येतो, त्याने तो थोडा सावकाश विरघळतो. २०१८ पासून गोणी ५० किलोची ४५ किलोची झाली. हा बदल ध्यानात न घेता जुन्या सवयीने 'एकरी दोन गोण्या' म्हणणारे पुष्कळ आहेत. ४५ किलोच्या गोणीत नत्र असते २० किलो ७०० ग्रॅम, हे लिहून ठेवावे.

सोयाबीननंतरचा गहू

१९९० नंतर सोयाबीनने वाशीमचे रूप पालटले. खरीप पड संपली. सोयाबीन ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघते आणि त्याच वावरात गहू किंवा हरभरा. एकबुर्जी, सोनल, अडाण या प्रकल्पांचे पाणी, विहिरी, शेततळी, पैनगंगेवरचे बॅरेज, यांच्या आधाराने ओलिताचा गहू वाढला. पण जुन्या पद्धतीतली नत्राची शिल्लक आता नाही, हे समजून घ्यावे. सोयाबीनच्या मुळांवर गाठी असतात म्हणून गव्हाला नत्र कमी चालेल असे काही जण म्हणतात. सोयाबीनने हवेतून घेतलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्याबरोबर बाजारात जातो. मागे पाला आणि मुळे उरतात तेवढाच लाभ. उलट कुटार रोटाव्हेटरने मातीत घातले तर ते कुजवणारे जीवाणू पहिले काही आठवडे मातीतलेच नत्र वापरतात आणि गहू पिवळा पडतो. यावर उपाय कुटार जाळणे नव्हे. पेरणीच्या वेळचा नत्राचा हप्ता चुकवायचा नाही, एवढेच.

फोकून पेरणीकडे या सगळ्या पार्श्वभूमीवर पाहा. मजूर मिळत नाहीत, वेळ थोडा, रोटाव्हेटर भाड्याने मिळतो, तेव्हा बी आणि खत एकत्र फेकून वरून यंत्र फिरवले की काम तासाभरात संपते. लोक असे का करतात हे आम्हाला कळते. पण मातीत काय होते? काही बी पृष्ठभागावर राहते ते पाखरे खातात, काही दहा सेंटिमीटर खाली जाते, आणि बुटक्या गव्हाचा कोंब तेथून वर येत नाही. खत सगळ्या थरात पसरते, थोडे वरच राहून उडून जाते. उगवण कमी येते म्हणून बियाणे वाढवायचे, पीक फिके दिसते म्हणून युरिया वाढवायचा. १९६६ नंतर जे ज्ञान पैसे मोजून, नुकसान सोसून मिळवले ते असे एका तासात मातीत जाते.

ट्रॅक्टरवर चालणारे बी-खत पेरणी यंत्र हे दोन चाड्यांच्या तिफणीचेच मोठे भावंड. ते गावात भाड्याने मिळत असेल तर तेच घ्यावे. रुंद सरी-वरंब्याचे यंत्र सोयाबीनसाठी ज्यांनी घेतले आहे त्यांना तेही गव्हाला वापरता येते. वेळेवर म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेल्या गव्हात ओळींचे अंतर २० ते २२.५ सेंटिमीटर ठेवावे आणि बियाणे एकरी ४० ते ५० किलो. उशिराच्या पेरणीत अंतर १८ सेंटिमीटर आणि बियाणे थोडे अधिक, नत्र मात्र कमी, कारण थंडीचे दिवस कमी मिळतात. पंधरा नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटलच्या आसपास घट धरावी, आणि १५ डिसेंबरनंतर गव्हाचा नाद सोडावा.

पाणी मोजकेच असेल तर एकच पाणी ४०-४२ दिवसांनी, दोन असतील तर २०-२२ आणि ६०-६५ दिवसांनी, तीन असतील तर २०-२२, ४०-४२ आणि ६०-६५ दिवसांनी द्यावे. एकाच पाण्यावर गहू घेणाऱ्याने १२० किलो नत्राच्या मागे लागू नये.

यंत्राचे माप आदल्या दिवशी करून पाहावे. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईचा हात आता नाही, यंत्राला तो अंदाज आपण द्यावा लागतो. नऊ दात्यांचे, २२.५ सेंटिमीटर अंतराचे यंत्र एका फेरीत सुमारे दोन मीटर पट्टा पेरते. प्रत्येक नळीला पिशवी बांधा आणि यंत्र जमिनीला टेकवून ५० मीटर चालवा. हे क्षेत्र जवळपास एक गुंठा भरते. पिशव्यांतले सारे बी एकत्र करून तोला. एकरी ४० किलो बियाणे हवे असेल तर ते एक किलो भरले पाहिजे, ५० किलो हवे असेल तर सव्वा किलो. खताचे नळेही तसेच तपासा. एकरी एक गोणी, म्हणजे ५० किलो डीएपी द्यावयाचे असेल तर गुंठ्याला सव्वा किलो. त्यातून एकरी ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळते. पहिल्या हप्त्यातील उरलेले १५ किलो नत्र ३३ किलो युरियातून खताच्या पेटीतूनच जाऊ द्या. डीएपी आणि युरिया आदल्या रात्री मिसळून ठेवू नका, ते ओल धरते आणि नळे तुंबतात. शेतात गेल्यावर मिसळा आणि लगेच पेरा. दुसऱ्या हप्त्याला एकरी ५२ किलो युरिया म्हणजे एक गोणी आणि वर ७ किलो. तो टाकण्याआधी पाण्याची पाळी आणि विजेचे वेळापत्रक पाहून ठेवा.